उद्यांच्या गुणांची आजची किंमत

‘मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात’ ही म्हण आपण सर्वांनीं लहानपणापासून ऐकलेली आहे. मीं तर ती पस्तीस वर्षें वर्गांत मुलांकडून लिहवून घेतली, तिच्यावर निबंध लिहावयास लाविले, आणि त्या निबंधांना दहापैकीं गुणही दिले. परंतु पाळण्यांतले पाय पाहून तें मूल पुढें कोठवर चालत जाईल हें खरोखर सांगतां येतें काय, असें मला त्या पस्तीस वर्षांत कोणीं विचारलें नाहीं. विचारलें तें सातासमुद्रांपलीकडे, माझ्या भाच्याच्या दहा वर्षांच्या मुलानें. आणि तेंही अशा एका खेळाच्या संबंधांत, कीं ज्याचें नांव मला ठाऊक होतें, पण नियम ठाऊक नव्हते.

२०१७ सालच्या एप्रिल महिन्यांत मी शिकागो येथें भाच्याकडे राहावयास गेलों होतों. एके सायंकाळीं सारें घर दूरचित्रवाणीपुढें बसलें होतें. पडद्यावर सामना नव्हता कीं चेंडू नव्हता. नवे पोशाख केलेले विशीबाविशीचे तरुण, आणि त्यांच्याविषयीं हिरिरीनें बोलणारे जाणकार, एवढेंच दिसत होतें. अमेरिकन फुटबॉलच्या धंदेवाईक संघांची ती वार्षिक निवड होती. तिला तेथें ‘ड्राफ्ट’ म्हणतात. तीन तरुणांची चर्चा विशेष चालली होती. भाच्याच्या मुलानें मला विचारलें, “आजोबा, तुम्हीं इतकीं वर्षें मुलें पाहिलींत. ह्यांतला कोणता घ्यावा, सांगा ना!” मीं शिक्षकाच्या संवयीनें, ज्याची ठेवण नीटनेटकी व बोलणें बेताचें वाटलें त्याच्याकडे बोट दाखविलें. योगायोग असा, कीं शिकागोच्या संघानेंही त्यालाच घेतलें. भाचा गप्प राहिला, पण मुलानें टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्या मला पुढें फार दिवस पुरल्या नाहींत. तें कसें, हें समजण्यासाठीं खेळाची थोडी माहिती करून घेणें अवश्य आहे.

आपल्याकडे फुटबॉल म्हटलें म्हणजे पायानें खेळावयाचा चेंडू डोळ्यांपुढें येतो. अमेरिकेंतील फुटबॉल निराळा. त्यांतला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो, आणि तो बहुतेक वेळां हातानें फेंकतात किंवा उराशीं धरून पळतात. दोन्ही बाजूंस अकरा अकरा गडी; मैदानाची लांबी शंभर यार्ड. ज्या संघाच्या हातीं चेंडू आहे त्यानें चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावयाचें. सरकला तर पुन्हां चार प्रयत्न. न सरकला तर चेंडू दुसऱ्या बाजूस जातो. अशा रीतीनें चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला म्हणजे ‘टचडाऊन’ होतो व सहा गुण मिळतात.

जवळजवळ प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभीं चेंडू ज्याच्या हातीं येतो तो क्वार्टरबॅक. त्याच्यापुढें त्याचे पांच धिप्पाड सोबती भिंतीसारखे उभे असतात, आणि ती भिंत फोडून त्याला भुईवर लोळविण्यासाठीं समोरचे गडी धडका देत असतात. ह्या गर्दींत, अडीच-तीन सेकंदांच्या अवधींत, आपले कोण कोठें धांवत आहेत, प्रतिपक्षानें कोणता बेत रचला आहे, आणि कोणती जागा क्षणभर मोकळी होणार आहे, हें त्याला ओळखावें लागतें. चेंडू फेंकावयाचा तो गडी जेथें आहे तेथें नव्हे, तर जेथें पोंचणार आहे तेथें. फेंक हातभर चुकली आणि प्रतिपक्षानें मध्येंच झेलली, तर केलेलें सारें काम फुकट जातें. म्हणूनच संघांत चांगला क्वार्टरबॅक नसेल तर बाकीच्या गुणी खेळाडूंचें तेज पडत नाहीं. आणि म्हणूनच त्याच्या निवडीची सर्वांना इतकी धास्ती.

ही निवड १९३६ सालापासून चालू आहे. आज बत्तीस संघ आहेत आणि निवडीच्या सात फेऱ्या होतात. आदल्या वर्षीं जो संघ सर्वांत वाईट खेळला त्याला पहिली पाळी, आणि जो अजिंक्य ठरला त्याला फेरींतली शेवटची. दुबळ्यांना वर यावयास संधि मिळावी हा हेतु. मात्र पाळ्यांची अदलाबदल करतां येते. पुढच्या वर्षांच्या पाळ्याही आज देऊन टाकतां येतात. ह्या सवलतीनेंच पुष्कळ घरें बुडविलीं आहेत.

आतां अडचण पाहा. हे तरुण महाविद्यालयांतून येतात. तेथें शंभरांहून अधिक संघ. कांहीं प्रतिस्पर्धी बलाढ्य, कांहीं अगदींच कच्चे. तेथें मोकळ्या सांपडणाऱ्या जागा वरच्या खेळांत सांपडत नाहींत. म्हणून महाविद्यालयांतला पराक्रम हा पुरावा खरा, पण तो दुसऱ्याच गुन्ह्याचा पुरावा, असें कांहींसें होतें. मग परीक्षा घेतात. उंची मोजतात, पंजा मोजतात, चाळीस यार्ड पळावयास लावून घड्याळ लावतात. पुष्कळ वर्षें बारा मिनिटांत पन्नास प्रश्न सोडविण्याची एक लेखी परीक्षाही होती. २०२२ सालीं ती बंद झाली. जें मोजतां येतें तें हे लोक कसोशीनें मोजतात. पण समोरून धडक येत असतां डोळे मैदानावर स्थिर ठेवणें, चूक झाल्यावर पुढच्या क्षणीं ती विसरणें, वर्षानुवर्षें कंटाळा न करितां अभ्यास करणें, ह्या गुणांना फूटपट्टी लागत नाहीं.

टॉम ब्रेडीचें उदाहरण सर्वांच्या तोंडीं असतें. २००० सालीं तो ते चाळीस यार्ड ५.२८ सेकंदांत पळाला. धांवणारा म्हणून त्याची गणना कोणींच केली नसती. त्याच्या आधीं सहा क्वार्टरबॅक निवडले गेले, आणि तो सहाव्या फेरींत १९९ व्या क्रमांकावर न्यू इंग्लंडच्या संघानें घेतला. पुढें त्यानें सात अजिंक्यपदें मिळविलीं. पण ह्या गोष्टींतून न्यू इंग्लंडच्या लोकांना दिव्यदृष्टि होती असें कोणीं समजूं नये. त्यांनींही त्याच्याआधीं दुसरे सहा खेळाडू घेतले होते. तो काय होणार हें ठाऊक असतें, तर त्यांनीं १९९ व्या क्रमांकापर्यंत वाट पाहिली असती काय? त्यांचें श्रेय निराळें आहे: घेतल्यावर त्यांनीं त्याला ठेवून घेतलें, शिकूं दिलें, आणि २००१ सालीं पहिल्या पसंतीचा खेळाडू जखमी झाला तेव्हां त्याला उभें राहूं दिलें.

ह्याच्या उलट १९९८ सालची गोष्ट. त्या वर्षीं पेटन मॅनिंग व रायन लीफ असे दोन क्वार्टरबॅक अग्रभागीं होते, आणि अधिक चांगला कोण ह्यावर जाणकारांत दोन तट होते. इंडियानापोलिसनें पहिल्या पाळीवर मॅनिंग घेतला. सॅन डिएगोची पाळी तिसरी होती. लीफ हातचा जाऊं नये म्हणून त्यांनीं आपली ती पाळी, पुढच्या वर्षाची पहिल्या फेरींतील पाळी, दुसऱ्या फेरींतील एक पाळी आणि वर दोन खेळाडू देऊन दुसरी पाळी विकत घेतली. केवळ एक पायरी चढण्यासाठीं एवढें मोल! लीफच्या तिसऱ्याच सामन्यांत त्याच्या पंधरा फेंकींपैकीं एक साधली आणि तिनें चार यार्ड मिळविले. चार-पांच वर्षांत त्याचा खेळ कायमचा संपला.

पण मॅनिंगचें पहिलें वर्ष तरी कोठें सुखाचें होतें? त्याच्या अठ्ठावीस फेंकी प्रतिपक्षानें झेलल्या, आणि सोळांपैकीं तेरा सामने संघ हरला. त्या डिसेंबरांत कोणीं दोघांच्या प्रगतिपुस्तकांवर शेरा लिहिला असता, तर दोघांनाही नापासच केलें असतें. इंडियानापोलिसनें मात्र त्या चुका शिकण्याच्या चुका मानल्या. पुढच्याच वर्षीं तोच संघ तेरा सामने जिंकला. मॅनिंगला पुढें पांच वेळां वर्षांतील सर्वोत्तम खेळाडूचा मान व दोन अजिंक्यपदें मिळालीं.

म्हणजे धोका आणि आशा हीं दोन वेगळ्या तरुणांच्या ठिकाणीं वांटलेलीं नसतात; एकाच तरुणांत दोन्हीं बसलेलीं असतात. म्हणून कोणाला घ्यावें ह्या प्रश्नाइतकाच, काय किंमत देऊन घ्यावें, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

किंमत दोन प्रकारची. एक पैशाची. २०१० पर्यंत पहिल्या पाळीचा तरुण एकही सामना खेळण्यापूर्वीं अफाट रकमेचा करार करीत असे. ऑकलंडनें २००७ सालीं जमार्कस रसेलला पहिल्या पाळीवर घेऊन तीन कोटि डॉलरांहून अधिक रकमेची हमी दिली, आणि तीन मोसमांनंतर त्याला रजा दिली. २०१० सालीं सॅम ब्रॅडफर्डला मिळालेली हमी पांच कोटि डॉलरांची होती. २०११ सालीं नियम बदलले व नवशिक्यांच्या वेतनाला मर्यादा पडली. त्या वर्षींच्या पहिल्या तरुणाचा, कॅम न्यूटनचा, चार वर्षांचा सारा करारच सुमारें दोन कोटि वीस लाखांचा झाला. प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चालाही मर्यादा असते. नांवाजलेल्या क्वार्टरबॅकला सालीना सहा कोटि डॉलरांपर्यंत द्यावे लागत असतां, तेंच काम थोडक्यांत करणारा तरुण सांपडला तर उरलेल्या पैशांत भोंवतालचा संघ मजबूत करतां येतो. म्हणून तरुण क्वार्टरबॅकवर डाव लावणें पूर्वींपेक्षां आज अधिक शहाणपणाचें आहे.

दुसरी किंमत पाळ्यांची, आणि ती डोळ्यांना दिसत नाहीं म्हणून अधिक घातक. केड मॅसी व रिचर्ड थेलर ह्या दोन अमेरिकन पंडितांनीं ह्या निवडींचा बारकाईनें हिशेब मांडला. थेलर यांना पुढें २०१७ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांना असें आढळलें, कीं एकाच जागेवर खेळणारे दोन तरुण पाठोपाठ निवडले गेले असतां, आधीं निवडलेला नंतरच्यापेक्षां सरस ठरण्याचें प्रमाण शंभरांत सुमारें बावन्न आहे. नाणें उडविलें तर पन्नास! सारे हेर, सारीं मोजमापें, साऱ्या मुलाखती यांची कमाई शंभरांत दोन. ह्याचा अर्थ हे लोक मूर्ख आहेत असा नव्हे. सर्वच कसलेले असल्यामुळें सर्वांना सारखेंच दिसतें, आणि उरलेला भाग कोणालाच दिसत नाहीं. मूर्खपणा होतो तो न दिसणाऱ्या भागासाठीं दिसल्यासारखी किंमत मोजण्यांत. चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला, तो असा.

सॅन फ्रान्सिस्कोच्या संघानें हा धडा एकाच घरांत दोन्ही बाजूंनीं गिरविला. २०२१ सालीं त्यांनीं बाराव्या पाळीवरून तिसरीवर येण्यासाठीं, ती बारावी पाळी, पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरींतील पाळ्या आणि तिसऱ्या फेरींतील एक पाळी देऊन ट्रे लान्स ह्या तरुणाला घेतलें. त्याचे गुण डोळे दिपविणारे होते. पण महाविद्यालयांत त्यानें आरंभापासून खेळलेले सामने अवघे सतरा, आणि साथीमुळें २०२० मध्यें तर एकच. २०२२ सालच्या दुसऱ्या सामन्यांत त्याचा घोटा मोडला, आणि पुढच्या वर्षीं चौथ्या फेरींतील एका पाळीच्या बदल्यांत त्याला दुसऱ्या संघाकडे धाडण्यांत आलें. दैवाची थट्टा अशी, कीं २०२२ च्या निवडींत ह्याच संघानें अगदीं शेवटच्या, २६२ व्या पाळीवर ब्रॉक पर्डी नांवाचा क्वार्टरबॅक घेऊन ठेवला होता. शेवटच्या तरुणाला तेथें थट्टेनें ‘श्रीयुत बिनमहत्त्वाचे’ अशा अर्थाचें नांव देतात. ह्याच बिनमहत्त्वाच्या गृहस्थानें २०२३ च्या मोसमांत संघाला अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलें.

तथापि, महाग घेतलेला वाईट व स्वस्त घेतलेला चांगला, असा सिद्धांत ह्यावरून कोणीं काढूं नये. शेवटच्या फेरींत घेतलेले बहुतेक क्वार्टरबॅक कोणाच्या स्मरणांतही राहत नाहींत. सांगावयाचें तें इतकेंच, कीं डाव चुकणार आहे असें धरून चालावें, आणि चुकला तरी घर उभें राहील एवढेंच दान लावावें.

आतां आशेची बाजू पाहूं. २०१८ सालीं पहिल्याच फेरींत पांच क्वार्टरबॅक निवडले गेले. पहिला बेकर मेफील्ड, तिसरा सॅम डार्नोल्ड, सातवा जॉश ॲलन, दहावा जॉश रोझन, आणि बत्तिसावा लमार जॅक्सन. ॲलनचा हात तोफेसारखा, पण नेम चंचल. महाविद्यालयांत त्याच्या शंभरांतल्या छपन्न फेंकी साधत, आणि पहिल्या वर्षीं बफेलोकडून खेळतांना तर त्रेपन्नच. नेम शिकवून येत नाहीं, असें पुष्कळांचें मत होतें. जॅक्सनचा धांवण्याचा वेग पाहून कांहीं जाणकारांनीं त्याला क्वार्टरबॅकची जागा सोडण्याचाच सल्ला दिला होता.

ह्या दोघांचें पुढें काय झालें? बफेलोनें ॲलनला धीर दिला, त्याच्या फेंकण्याच्या पद्धतीवर मेहनत घेतली, त्याच्यापुढें चांगले झेलणारे उभे केले. तिसऱ्या वर्षीं त्याच्या शंभरांतल्या एकोणसत्तर फेंकी साधल्या, आणि २०२४ सालीं तो वर्षांतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. बाल्टिमोरनें जॅक्सनला आपल्या ठरीव साच्यांत कोंबलें नाहीं. त्याच्या पायांना शोभेल असा खेळच नव्यानें रचला. त्याला तो मान २०१९ व २०२३ अशा दोन सालीं मिळाला. पांचांमध्यें शेवटीं निवडलेला हा गडी!

रोझनच्या वांट्याला मात्र निराळें आलें. ॲरिझोनाच्या ज्या प्रशिक्षकाच्या हाताखालीं तो आला, त्याला एका वर्षांत काढून टाकण्यांत आलें. नव्या प्रशिक्षकाच्या काळांत संघानें दुसरा क्वार्टरबॅक घेतला व रोझनला दूर धाडलें. त्याचे अंगचे गुण किती होते हें आतां कोणालाच सांगतां येणार नाहीं. डार्नोल्ड न्यूयॉर्कला तीन वर्षें धडपडला व टाकाऊ ठरविला गेला. पण २०२४ सालीं मिनेसोटाचा संघ त्याच्यासह चौदा सामने जिंकला. मेफील्डही दोन-तीन दारें हिंडून टॅम्पाला सुस्थिर झाला. माणसें तींच, जमीन बदलली.

ह्यावरून माझी अशी समजूत झाली आहे, कीं ‘ह्या तरुणांत किती गुण आहेत?’ हा प्रश्नच अर्धा आहे. शेतकरी बियाणें हातांत घेऊन पाहतो, पण तेवढ्यावर पिकाचा अंदाज सांगत नाहीं. जमीन कोणती, पाणी किती, राखण कोण करणार, हेंही तो विचारतो. निवडणाऱ्यानेंही स्वतःस विचारावें: ह्याच्यांत जें उणें आहे तें शिकविणारा आमच्या घरीं कोणी आहे काय? तो शिकेपर्यंत त्याला झांकून घेणारी भिंत आहे काय? आणि तो चुकेल त्या वर्षीं आम्हांला धीर निघेल काय? ह्या प्रश्नांचीं उत्तरें नकारार्थी असतील, तर कितीही गुणी मुलगा घेतला तरी तो धोकाच.

आतां शिकागोकडे परत येतों. मीं ज्याच्याकडे बोट दाखविलें तो मिच ट्रुबिस्की. महाविद्यालयांत आरंभापासून खेळलेले त्याचे सामने अवघे तेरा. तरी एक पायरी चढण्यासाठीं शिकागोनें आपल्या पाळीखेरीज आणखी तीन पाळ्या दिल्या. चार मोसमांनंतर त्याची व संघाची फारकत झाली. ज्या तिघांचीं चित्रें दिसत होतीं त्यांतला दुसरा पॅट्रिक महोम्स. तो दहाव्या पाळीवर कॅन्सस सिटीकडे गेला. त्याचा खेळ बेशिस्त आहे, अशी तक्रार होती. मलाही त्याचें वागणें जरा उनाड वाटलें होतें. कॅन्सस सिटीनें त्याला पहिलें वर्षभर ॲलेक्स स्मिथ ह्या अनुभवी क्वार्टरबॅकच्या मागें बसवून ठेवलें. त्या मोसमांत तो एकच सामना खेळला. पुढच्या वर्षीं त्याचे पन्नास टचडाऊन झाले, आणि २०२३ च्या मोसमापर्यंत संघाला त्याच्यासह तीन अजिंक्यपदें लाभलीं.

हें सारें ऐकतांना मला माझ्या वर्गांतला एक मुलगा आठवतो. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठीं आम्ही दरसाल दहा मुलें निवडून त्यांचा जादा वर्ग घेत असूं. ह्या मुलाचें अक्षर गचाळ, वही फाटकी, जागेवर बसणें ठाऊक नाहीं. गणितें मात्र तो तोंडींच करी आणि पायऱ्या लिहीत नसे. मीं त्याच्याऐवजीं सुबक अक्षराचा दुसरा एक मुलगा घेतला. वीस वर्षांनीं शाळेच्या विहिरीवरचा पंप नादुरुस्त झाला तेव्हां तो दुरुस्त करावयास हाच आला. पाण्याची उंची, नळाचा व्यास, यंत्राची शक्ति, ह्यांचा हिशेब त्यानें उभ्या उभ्या तोंडीं केला, आणि मला वांकून नमस्कार करून म्हणाला, “गुरुजी, पायऱ्या अजून लिहीत नाहीं.” तो हंसला, मला हंसतां आलें नाहीं. तो सुखी आहे, कष्टाची भाकरी खातो. पण त्या जादा वर्गांत दहाच बांकें होतीं काय? अकरावें मला टाकतां आलें नसतें काय? संघांना पाळ्यांचें बंधन असतें; मला तर तेंही नव्हतें.

भाच्याचा मुलगा आतां मोठा झाला आहे. दरसाल एप्रिलांत तो फोन करून थट्टेनें विचारतो, “आजोबा, यंदा कोण?” मी त्याला म्हणतों, “बाळा, चेहरे दाखवूं नकोस. तो कोणाच्या घरीं जाणार आहे, तें आधीं सांग.”